तिसरी डिस्क

"थांब, आधी पुसू दे," म्हणत नवऱ्याने तिच्या हातून डिस्क घेतली. आत्ताच पाकिटातून निघालेली, कोरी करकरीत.

"अहो, नवी तर आहे."

"नवीवर दिसत नाही, पण धूळ असतेच."

शर्टाच्या टोकाने त्याने ती गोल गोल पुसली, ताटली पुसावी तशी, अगदी मन लावून. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. त्याला शिकवणारी ती कोण?

डिस्क घरघरली. पडद्यावरची पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. फाइल वाचता येत नाही. आधीच्या दोन्ही डिस्क इथेच अडल्या होत्या.

तिला रडू यायचंच बाकी होतं. लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात नमुने आखायची. तिच्या रेषेवरून कात्री डोळे मिटून चालायची. आता मुलगी शाळेत जाऊ लागली, तसं त्याच कारखान्याने घरबसल्या काम देऊ केलं होतं. फक्त नमुने आखायचा हा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर चालायला हवा होता. डाउनलोड केला तर फाइल दर वेळी अर्धवटच उतरायची. तेव्हा कारखान्याकडून डिस्क मागवायला नवऱ्यानेच सुचवलं.

"घरात काही कमी आहे का?" असं त्याने सुरुवातीला एकदाच विचारलं होतं. मग मुकाट्याने मदतीला लागला. नवरा असावा तर असा, हे ती बहिणीला कौतुकाने सांगूनही बसली होती.

तिने कारखान्यातल्या बाईंना फोन लावला.

"बाकीच्यांच्या डिस्क चालताहेत हो," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडेच काहीतरी गडबड असेल."

"माझ्या घरात यातला जाणकार माणूस आहे," ती तडकली. "तुमचा मालच खराब."

बाईंनी वाद घातला नाही. काम दुसरीला दिलं.

"जाऊ दे गं," नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "नसतं एकेक नशिबात."

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल घरी विसरला, म्हणून ती द्यायला दुकानात गेली. तो पाठमोरा होता. समोर एक आजोबा नातवाच्या फोटोंची डिस्क सदऱ्याने पुसत होते. नवऱ्याने झटकन त्यांचा हात धरला.

"अहो आजोबा, काय करताय? कपड्याने अशी गोल गोल कधी पुसायची नाही. मऊ फडकं घ्यायचं, मधून कडेकडे सरळ न्यायचं. गोल पुसली की डिस्क कामातून जाते. घरीसुद्धा सांगून ठेवा सगळ्यांना."