नमुन्याचं चाक

जिल्ह्यातल्या बैलगाड्यांसाठी एकाच पद्धतीचं चाक ठरवायला नगरला समिती बसली होती. लाकडी की रबरी, यावर तीन-तीन मतं पडली. मग नेवाशाच्या गहिनीनाथ सुतारानं लाकडासाठी हात वर केला. चिटणीस म्हणाले, “मिस्त्री, लागोपाठ दोन बैठका चुकवल्यात. नियमानं तुमचं मत धरता येत नाही.” गहिनीनाथानं भिंतीला टेकवलेल्या बाभळीच्या चाकाकडं बोट केलं. “सायेब, समितीनंच नमुना मागितला हुता. दोन म्हैने त्योच घडवत हुतो.” “नमुना पोचल्याची नोंद आहे,” चिटणीस म्हणाले, “तुमच्या हजेरीची नाही.” अध्यक्षांचं जादा मत रबराला गेलं. निघताना चिटणीसांनी वही पुढं केली. “आजची सही करा, पुढच्या बैठकीत मत देता येईल.” “तवा काय ठरवायचं हाय?” “टायर कुठून घ्यायचे.” सही करून तो चाक ढकलत निघाला. डांबरावर ते कुठंच डगमगलं नाही.