मिठाईच्या डब्यातलं पॉलीहाऊस

लेकीच्या शाळेत प्रदर्शन होतं, म्हणून आम्ही मिठाईच्या पारदर्शक डब्याचं आमच्या शेतातल्यासारखं पॉलीहाऊस केलं. खराट्याच्या काड्यांचे खांब मी रोवले. बाटल्यांच्या झाकणांत तिनं पेरलेली मेथी बोटभर वाढली होती. ती झाकणं तिनं ओळीनं आत मांडली. “अप्पा, फोटो काढा.” मी काढला. लगेच तिनं सगळी झाकणं बाहेर काढून खेळण्यातल्या टेम्पोत भरली. “रोपं कुठं न्यायलीस?” “परत द्यायला. अनुदानाचे साहेब फोटो काढून गेल्यावर तुम्ही उदगीरच्या नर्सरीच्या कुंड्या अशाच परत पाठवल्या की!” भाकरी थापणाऱ्या बायकोचे हात थांबले. पोरगी त्या दिवशी खेळात गुंग होती, असं मी धरून चाललो होतो. मान वर न करता म्हणालो, “ही तुझी हायत, माय. आतच ऱ्हाऊ दे.” तिनं डब्यात डोकावून पाहिलं. “मग आपल्या शेतातल्यासारखा कडबा कुठं ठेवायचा?”