बांधलेला हात

कोकिळाचं पत्र आठ दिवसांपासून कोनाड्यात पडून होतं. ‘दिवाळीला येऊ का?’ एवढंच तिनं विचारलं होतं. उत्तमरावांनी ते वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

“नाचणारी पोर माही नाही,” ते म्हणाले. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली पोरगी नाच शिकायला मुंबईला गेली, तेव्हापासून त्यांचं हेच पालुपद.

आता तिचाच सिनेमा चिखलीत तंबूत लागला होता. गोष्ट होती जादूगारानं हंस करून टाकलेल्या राजकन्येच्या जुन्या विलायती नृत्यनाट्याची. पण सिनेमावाल्यांनी राजकन्येला थेट कापडगिरणीत कामाला लावलं होतं.

“एकडाव पाहा तरी तिले,” रुक्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“मले भजनाले जायचं आहे.”

टोपी घालून ते निघालेही. देवाधर्माशी फारसं सख्य नसलेला हा माणूस त्या आठवड्यात तिसऱ्यांदा भजनाला चालला होता. रुक्मिणीबाईंना ते बरंच वाटलं. वाट मोकळी झाली.

शेजारच्या शालूबाईंना घेऊन त्या दिवेलागणीच्या खेळाला गेल्या. तंबूत मधोमध पडदा, त्याच्या पुढं बायका, मागं पुरुष. मागून सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसायचं, पण पुरुषांची त्याबद्दल काही तक्रार नसे.

उडत्या कापसात कोकिळा नाचली. हंसाचा पंख मोडलेला, म्हणून तिच्या एका हाताला पट्टी होती. त्यानंतरचं रुक्मिणीबाईंना धड दिसलंच नाही. डोळे सारखे भरून येत होते.

सकाळी चहा देताना त्यांनी सांगून टाकलं. “मी पाहून आली तिले. लय सुंदर नाचते हो आपली पोर. हाताले पट्टी बांधेल होती. खरंच लागलं का काय, कोन जाने.”

उत्तमराव बशीतला चहा फुंकत राहिले. आता हे चिडणार, या भीतीनं त्या तिथंच उभ्या राहिल्या.

“कागद घे,” ते म्हणाले. “दिवाळीले ये म्हणा तिले.”

“खरंच लिहू?”

“हाव. आन् परत उत्तर लिहू नको म्हणा. उजवा हात आहे, लिहाले तरास होईन तिले. सरळ घरीच ये म्हणा.”

रुक्मिणीबाईंनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्यांनी पाहिलेला पट्टीचा हात डावा होता.