रविवारचं ताट

"त्या ताटाला हात लावू नकोस!" हार्लन स्ट्राउड दारातूनच ओरडला.

जॅवॅरिस मॉटलीचा हात अधांतरीच राहिला. साडेसहा फूट उंचीचा आणि एकशे तीस किलो वजनाचा हा गडी लोरीन टिबेट्सच्या खाणावळीतल्या खुर्चीत कसाबसा मावला होता. शनिवारी कॉलेजतर्फे अमेरिकन फुटबॉल खेळायला मैदानात उतरला की समोरच्या संघाच्या पोटात गोळा यायचा. आता मात्र त्याच्याच पोटात कावळे ओरडत होते. पुढ्यात तळलेलं चिकन, चवळी आणि मक्याचा पाव होता. खिशात दमडी नव्हती.

हार्लन कॉलेजचा नियम-अधिकारी होता. खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे कुणी काही देत नाही ना, यावर नजर ठेवणं ही त्याची नोकरी. सामन्यांच्या तिकिटांवर कॉलेज कोट्यवधी कमवायचं, खेळाडूला मात्र फी, खोली आणि मेसचं जेवण, त्यापुढे काही नाही. खेळाडूला नुसता पाव दिला तर तो खाऊ. त्यावर लोणी फासलं की ते जेवण, आणि फुकटचं जेवण म्हणजे गुन्हा. असल्या नियमांचं जाडजूड पुस्तक हार्लनला तोंडपाठ होतं. त्यामुळे गावात त्याला कुणी दारात उभं करत नसे. पण तो खोटं वागला असं त्याचा शत्रूही म्हणाला नसता.

"रविवारी दुपारनंतर मेस बंद असते, साहेब," जॅवॅरिस म्हणाला.

"मग पैसे देऊन खा."

"कुठून देऊ? सराव सोडून कामाला जाऊ म्हणता?"

लोरीन पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सत्तरीची बाई, पण आवाज खणखणीत. "मीच बोलावलं त्याला. गेल्या रविवारी नळाचं पाणी पिऊन झोपला होता पोरगा. तुमच्या पुस्तकात भुकेवर काही लिहिलंय का?"

"अजून घास तोंडात गेला नाही तोवर काही बिघडलं नाही, लोरीनबाई. खाल्लं तर मला कळवावं लागेल. मग हा शनिवारी बाहेर बसेल, आणि शिष्यवृत्तीही जाईल." हार्लनचा आवाज खाली आला. शनिवारी मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं या पोराला बघायला येणार होती, हे त्यालाही ठाऊक होतं. "एकच वाट आहे. न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तुम्ही असंच फुकट वाढता का? वाढत असाल तर मला काही म्हणायचं नाही."

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. खरं तर हार्लन त्या 'हो'चीच वाट बघत होता.

"नाही," लोरीन म्हणाली. "आजवर नाही वाढलं."

जॅवॅरिसने ताट दूर सारलं.

लोरीन वळली. तिने दारावरच्या पाटीवरचे दिवसाचे पदार्थ फडक्याने पुसले आणि खडूने लिहिलं : रविवारी संध्याकाळी कॉलेजच्या कुठल्याही विद्यार्थ्याला जेवण फुकट.

"भिकेला लागाल बाई!" हार्लन म्हणाला. "नऊ हजार विद्यार्थी आहेत."

"उपाशी तेवढे नाहीत. आता जेवू द्या त्याला."

हार्लनने पाटी दोनदा वाचली. पळवाट कुठेच नव्हती. बावीस वर्षांच्या नोकरीत नियम मोडणारे त्याने खूप पाहिले होते, वाकवणारे त्याहून जास्त. नियम इतका सरळ पाळून त्याचं नाक खाली करणारी ही पहिलीच. त्याने टोपी काढली आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी मात्र तो परत आला. यावंच लागलं. पाटी नुसती दिखाव्याची निघाली, एक जरी विद्यार्थी दारातून परत गेला, तर जॅवॅरिसचं ताट पुन्हा गुन्हा ठरणार होतं.

रांग दारातून फुटपाथवर आली होती. चष्मेवाली पोरं, वाद्यवृंदातल्या पोरी, परदेशातून शिकायला आलेले चौघे. चिकन कधीच संपलं होतं. लोरीन अंडी तळत होती, पण कुणाला परत पाठवत नव्हती. आणि पोट जेमतेम झाकणारा एप्रन बांधून जॅवॅरिस वाढत होता. मध्येच धावत जाऊन पातेली घासत होता. कालच्या सामन्यात दुखावलेली दोन बोटं पट्टीत बांधलेली, तरी एका हातावर चार चार ताटं. दुपारी चारपासून तो बसला नव्हता. असा पोरगा आपल्या कॉलेजात आहे याचा हार्लनला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

पण माणूस पडला नियमाचा. खेळाडूने कुठे काम केलं तर त्याची रीतसर मजुरी नोंदवावी लागे.

"लोरीनबाई, याला पगार किती देता?"

"पगार? तो घेतच नाही. म्हणतो, जेवण मिळतंय तेवढं पुरे."

हार्लन खरोखरच चिडला. "हे काही बरं नाही, बाई. याच्या घामावर एवढी माणसं इथे खूश होतायत. बोटं दुखावलीत तरी राबतोय बिचारा. आणि त्याला काय, नुसतं जेवणखाण? धडधाकट माणसाला असं पोटावारी राबवून घेणं हा अन्याय आहे!"

जॅवॅरिसने हातातली ताटं खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले.

"साहेब," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "शनिवारी स्टेडियममध्ये माईकवर एवढंच बोलाल का?"