निषादचं डोहाळजेवण

फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर निषाद बसला होता. त्याला सातवा महिना होता. मनगटांना मोगऱ्याच्या माळा, हातात फुलांचं धनुष्य. पुरुषाच्या पोटात गर्भाशय बसवणं आता दात बसवण्याइतकं साधं झालं होतं, त्यामुळे जमलेल्या बायकांचं लक्ष जेवणातल्या नारळीभाताकडे अधिक होतं. थबकल्या त्या फक्त कुमुदमावशी.

"या मावशी, पहिली ओटी तुम्हीच भरा," निषादची बायको ऋजुता म्हणाली.

मावशींनी जन्मभर विज्ञानकथा लिहिल्या. पहिल्याच कथेत त्यांनी पुरुषांना दिवस गेलेले दाखवले होते. "असला वाह्यातपणा आम्ही छापत नाही," म्हणून संपादकांनी ती परत पाठवली. मावशींनीही ती रागानंच लिहिली होती. त्यातल्या पुरुषांना गर्भारपण ही सजा होती. ते कण्हत होते, सुटका मागत होते.

निषादनं पदर पसरावा तसं उपरणं पसरलं. त्यात नारळ ठेवताना मावशींनी हळूच विचारलं, "तुला कुणी भाग पाडलं का रे?"

"छे हो! हट्टानं मागून घेतलं. थोरलीच्या वेळी ऋजुताच्या पोटाला कान लावून बसायचो. नुसतं बाहेरून ऐकून चैन पडेना."

त्यानं मावशींचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली. मावशींचा हात तिथेच राहिला.

"तुमच्या गोष्टीत अस्संच होतं ना?" ऋजुतानं कौतुकानं विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाल्या. "एवढं मला सुचलंच नव्हतं."