अजून एक कडवं

गिटार कोणाला तरी विकून मोकळं व्हायचं, एवढ्याचसाठी वेंडेल केंटकीच्या लोकसंगीत महोत्सवाला आला होता. उभा जन्म तो स्वतः रचलेली गाणी गावोगाव गात फिरला, पण आता त्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

मेपलच्या झाडाखाली मंडळी गोल करून बसली होती. गाण्याआधी ते कोणाचं हे सांगायचं, अशी तिथली रीत. एका मुलीने बँजो मांडीवर घेतला. "हे जुनं लोकगीत. कोणी रचलं, देव जाणे. आमची आजी कणसं सोलताना म्हणायची."

पहिल्याच ओळीला वेंडेल चपापला. गाणं त्याचंच होतं! तो हळूच तिच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागला. तिसऱ्या कडव्यात नदी आटली, गाव उठून गेलं, आणि तो थांबला.

"अहो आजोबा, थांबलात काय?" मुलगी म्हणाली. "अजून एक कडवं आहे की!"

तिने ते म्हटलं. त्यात नदीला पाणी आलं, माणसं घरी परतली. हे वेंडेलने कधी लिहिलंच नव्हतं.

"पोरी, मला शिकव ते," म्हणत त्याने गिटार पेटीतून काढली आणि सुरात लावायला घेतली.