रविवारची हजेरी

गुरुलिंगाने हातातला वायरलेस सेट तोंडाशी नेला, तेवढ्यात पंचशीलाबाई म्हणाल्या, "अजून एक रविवार थांबा की, अण्णा."

"थांबून काय होतंय, अक्का? सगळे ऐकायलेत."

सगळे म्हणजे बिदर, भालकी, औरादकडचे हॅम. सरकारी परवाना काढून हवेत गप्पा मारणारे हे हौशी लोक, आणि दर रविवारी सकाळी त्यांची हजेरी व्हायची. गुरुलिंग एकेकाची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, पुकारायचा, ज्याची त्याने 'हजर' म्हणायचं. बाईंचे यजमान धम्मानंद जाऊन महिना होत आला, तरी त्यांची कॉल साइन पुकारली जात होती. आज ती शेवटची पुकारायची, जरा वेळ उत्तराची वाट पाहायची आणि नाव बंद झाल्याचं जाहीर करायचं. गेलेल्या सोबत्याला हे लोक असाच निरोप देतात. तो त्यांच्याच घरातून द्यावा म्हणून गुरुलिंग भालकीहून मुद्दाम औरादला आला होता.

बाईंना हा मान नको होता. रविवारी हाक मारली जात होती तोवर माणसाला नुसता उशीर झालाय असं वाटायचं. हाक बंद झाली की ते खरंच गेले, आणि ते त्यांना सोसवणार नव्हतं.

धम्मानंदांचा बोलायचा सेट बॅटरी काढून ट्रंकेत कुलूपबंद होता. परवाना त्यांच्या नावाचा, तेव्हा त्याला आता कुणी हात लावायचा नाही, असं गुरुलिंगानेच बजावलं होतं. नियम म्हटला की तो बापालाही सोडणारा नव्हता. टेबलावर उरला होता तो फक्त स्कॅनर. तो सेलवर चालायचा आणि त्याला नुसतं ऐकता यायचं.

धम्मानंदांनी बायकोला तो हौसेने शिकवला होता. "ह्यो एकेका नंबरावर दारोदार हिंडतोय. कुणी घरात असलं तरच थांबतोय. ही कळ स्क्वेल्चची, पिळली की नुसती खरखर गप्प. अन् पोलिसांच्या नंबराकडं फिरकायचं न्हाई. दुसऱ्याचं कानावर पडलंच तर बाहेर सांगायचं न्हाई."

वर पंखा गप्प होता, लाइट गेली होती. एरवी त्या पंख्याची टकटक सगळ्या हॅम लोकांना पाठ होती. धम्मानंद माइकचं बटण दाबायचे, मग आठवण झाल्यासारखे ते न सोडताच उठून पंखा बंद करायचे, आणि टकटक थांबली की बोलायचे. "पंखा हजर, धम्मानंद गैरहजर," म्हणून लोक त्यांना चिडवायचे आणि तेही हसायचे.

गुरुलिंगाने कॉल साइन पुकारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा. त्याने बटण सोडलं आणि सेट मांडीवर ठेवला. हवेत कुणी बोलेना. स्कॅनरचे आकडे पळत होते.

आकडे थांबले. हजेरीच्याच नंबरावर.

आधी नुसतीच शांतता आली, कुणीतरी बटण दाबून गप्प बसावं तशी. मग त्या शांततेत बारीक आवाज सुरू झाला. टक. टक. टक.

गुरुलिंगाने वर पाहिलं. पंख्याची पाती जागची हलली नव्हती. त्याने मांडीवरच्या सेटकडे पाहिलं. बटणावर बोट नव्हतं, आणि टकटक त्याही सेटमधून येत होती.

"अण्णा, ट्रंकेचं कुलूप..." बाईंचं बोलणं तोंडातच राहिलं. कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली त्यांच्याच कमरेला.

टकटक हळू होऊ लागली. दोन टकांमध्ये अंतर पडत गेलं, आणि ती थांबली.

आता काय व्हायचं ते बाईंना ठाऊक होतं. त्या स्कॅनरकडे वाकल्या.

नेमकी तेव्हाच लाइट आली. डोक्यावरचा पंखा गरगरला आणि टकटक करू लागला. बाई धडपडत उठल्या, खुर्ची कलंडली, आणि त्यांनी भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं.

गुरुलिंगाने सेट पुन्हा हातात घेतला. भालकीला, बिदरला लोक खोळंबले असतील. नाव बंद केल्याचं एक वाक्य तेवढं बोलायचं बाकी होतं.

"करताव का बंद?" बाईंनी विचारलं.

त्याने स्कॅनरकडे बोट दाखवलं. आकडे अजून हलले नव्हते. पलीकडे कुणीतरी बटण धरूनच होतं.

"चॅनल मोकळं न्हाई, अक्का," तो कसाबसा म्हणाला. "दुसरं कुणी असलं की मधी बोलायचं न्हाई. नियम हाय."

त्याने सेट टेबलावर उपडा ठेवला.

पंख्याची पाती थांबली. घरात कसलाच आवाज उरला नाही. पंचशीलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, स्कॅनरसमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पंखा बंद केलाय. बोला."